हास्यचिन्ह

हास्यचिन्ह : हसऱ्या चेहऱ्याची रेखाकृती असलेले आणि लिखित मजकुरात अक्षराप्रमाणे योजले जाणारे चिन्ह. भ्रमणध्वनी (मोबाइल) व संगणक यांवरून पाठविल्या जाणाऱ्या संदेशांत आनंद, स्नेह, संमती, आभार, थट्टा किंवा केवळ सौजन्य व्यक्त करण्यासाठी ते वापरतात. अशा सर्व चित्राक्षरांना ‘इमोजी’ ही जपानी संज्ञा रूढ आहे. जपानी भाषेत ‘ए’ म्हणजे चित्र व ‘मोजी’ म्हणजे अक्षर. भावना या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी या संज्ञेचे असलेले साम्य योगायोगाचे आहे. हास्यचिन्ह हे वरवर पाहता चित्र असले, तरी तांत्रिक दृष्ट्या ते ‘क’ किंवा ‘ह’ यांसारखेच एक अक्षर आहे. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे त्याचे चित्र जात नाही, तर केवळ क्रमांक जातो आणि त्या क्रमांकाचे चित्र घेणारे यंत्र आपापल्या पद्धतीने काढते. या चिन्हाच्या सोयी आणि त्यातून उद्‌भवणारे गैरसमज ही दोन्ही या एकाच गोष्टीतून निर्माण झालेली आहेत.

इतिहास : पिवळ्या वर्तुळात दोन डोळे व एक वक्ररेषा असे हसऱ्या चेहऱ्याचे सर्वपरिचित रूप अमेरिकेतील वुस्टर येथील चित्रकार हार्वी बॉल यांनी १९६३ मध्ये एका विमा कंपनीतील कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य वाढविण्यासाठी रेखाटले. त्याबद्दल त्यांना ४५ डॉलर मिळाले. या चित्रावर त्यांनी कोणताही मालकी हक्क नोंदविला नाही. बिल्ले, कपडे व भित्तिपत्रके यांद्वारे हे चित्र जगभर पसरले.

संगणकाच्या अक्षरसंचात हसरा चेहरा प्रथम व्यापक प्रमाणावर आला तो १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम कंपनीच्या व्यक्तिगत संगणकाबरोबर. त्यातील २५६ चिन्हांच्या संचात पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर हसरे चेहरे होते. पुढील वर्षी, १९ सप्टेंबर १९८२ रोजी, अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर थट्टेचा मजकूर गंभीर मजकुरापासून वेगळा ओळखता यावा म्हणून अपूर्णविराम, संयोगचिन्ह व उजवा कंस ही तीन विरामचिन्हे एकापुढे एक लिहावीत, असे सुचविले. मान डावीकडे कलवून पाहिल्यास या तीन चिन्हांत हसरा चेहरा दिसतो. आवाजाचा चढउतार व मुद्रा यांना मुकलेल्या लेखनात थट्टा ही थट्टा म्हणून ओळखली जात नाही, ही अडचण या सूचनेमागे होती. हास्यचिन्हाचे मूळ प्रयोजन आजही तेच आहे.

चित्राक्षरांचा पुढील विकास जपानमध्ये झाला. तेथील भ्रमणध्वनी कंपन्यांनी १९९७ पासून आपल्या यंत्रांत लहान चित्रांचे संच देण्यास प्रारंभ केला. एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये तयार केलेला १७६ चित्रांचा संच विशेष प्रसिद्ध आहे. त्यातील प्रत्येक चित्र उभ्या व आडव्या बारा बारा, म्हणजे एकूण १४४ ठिपक्यांत बसविलेले होते. तथापि प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे असल्यामुळे एका कंपनीच्या ग्राहकाने पाठविलेले हास्य दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकापर्यंत नीट पोहोचत नसे. ही अव्यवस्था दूर करण्यासाठी ही चित्राक्षरे युनिकोड या जागतिक संकेतसंचात समाविष्ट करावीत, असा प्रस्ताव पुढे आला व ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत तो अमलात आला.

याच आवृत्तीत भारताच्या दृष्टीने महत्त्वाच्या आणखी दोन गोष्टींना स्थान मिळाले. त्यांपैकी एक म्हणजे मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेशी संबंधित असलेले डी. उदयकुमार यांनी तयार केलेले व १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह. दुसरी म्हणजे देवनागरीची पूर्वज असलेली ब्राह्मी लिपी. अशा रीतीने सु. दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे, देशाचे नवे चलनचिन्ह आणि जपानी भ्रमणध्वनींतील हसरे चेहरे यांना जागतिक संकेतसंचात एकाच वेळी प्रवेश मिळाला.

संकेतांकन : संगणक अक्षरे ओळखत नाही, तो संख्या ओळखतो. म्हणून प्रत्येक अक्षरास एक संख्या ठरवून द्यावी लागते. तीस संकेतांक म्हणतात. १९९१ मध्ये स्थापन झालेली युनिकोड संघटना जगातील सर्व लिप्यांसाठी असे संकेतांक निश्चित करते. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि तिच्यातील अक्षरांचा क्रम भारतीय लिप्यांसाठी भारतात तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतसंचावर आधारलेला आहे. दशमान पद्धतीत सांगावयाचे, तर ‘ह’ या अक्षराचा संकेतांक २३६१, ‘स’चा २३६० आणि दीर्घ उकाराच्या चिन्हाचा २३७० आहे. ‘हसू’ हा शब्द म्हणजे यंत्राच्या दृष्टीने या तीन संख्यांची मालिका होय.

हास्यचिन्हांनाही असेच क्रमांक आहेत. एकरंगी हसऱ्या चेहऱ्याचा संकेतांक ९७८६ असून तो चित्राक्षरांच्या समावेशापूर्वीच युनिकोडमध्ये होता. डोळेही हसत असलेल्या चेहऱ्याचा १२८५२२, दात दाखवून हसणाऱ्या हसऱ्या डोळ्यांच्या चेहऱ्याचा १२८५१३ आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याचा १२८५१४ असे संकेतांक असून हे तिन्ही २०१० मधील आहेत. तोंड उघडून हसणारा चेहरा (१२८५१२) २०१२ मध्ये, तर किंचित हसरा चेहरा (१२८५७८) २०१४ मध्ये समाविष्ट झाला. ९७८६ हे जुने चिन्ह रंगीत दाखवावयाचे असल्यास त्यापुढे ६५०३९ व साध्या अक्षराप्रमाणे दाखवावयाचे असल्यास ६५०३८ हा अदृश्य संकेतांक जोडतात. तो जोडलेला नसेल, तर कोणते रूप दाखवावयाचे हे घेणारे यंत्र ठरविते. त्यामुळे एकीकडे रंगीत असलेला चेहरा दुसरीकडे काळ्या रेषांचा दिसू शकतो.

अदृश्य संकेतांकांचे हे तंत्र मराठी वाचकास अपरिचित नाही. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्ध्या ‘र’चे मराठी रूप मिळविण्याच्या एका पद्धतीत ‘र’ व हलन्तचिन्ह यांपुढे ८२०५ क्रमांकाचा अदृश्य सांधक योजतात. हाच सांधक चित्राक्षरांतही वापरला जातो. माता, पिता व मूल यांचे स्वतंत्र चेहरे त्याने जोडले म्हणजे कुटुंबाचे एकच चित्र दिसते. एखाद्या यंत्रास ही जोडणी ठाऊक नसेल, तर कुटुंबातील व्यक्ती एकापुढे एक सुट्या दिसतात. जोडाक्षर न जुळल्यास हलन्तचिन्ह सुटे दिसते, त्यातलाच हा प्रकार होय.

रूपभेद : युनिकोड संघटना चिन्हाचा क्रमांक व नाव ठरविते, चित्र ठरवीत नाही. ॲपल, गूगल, सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांची चित्रे वेगवेगळी आहेत. व्हॉट्सॲपने २०१७ पासून अँड्रॉइड यंत्रांवर स्वतःचा चित्रसंच वापरण्यास प्रारंभ केला, तर आयफोनवर त्याच संदेशात ॲपल कंपनीची चित्रे दिसतात. परिणामी पाठविणारा जो चेहरा पाहून पाठवितो, तोच चेहरा घेणाऱ्यास दिसेल याची खात्री नसते.

हा प्रकार मुद्रित मराठीतही आढळतो. ‘ल’ या अक्षराचा संकेतांक २३५४ हा एकच आहे. परंतु त्याचे मराठीतील वळण व हिंदीतील वळण वेगळे आहे. ‘श’चीही तीच स्थिती आहे. कोणते वळण उमटेल, हे मजकुरावर अवलंबून नसून टंकावर (फाँटवर) अवलंबून असते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरी वर्णमाला अद्ययावत करताना या अक्षरांची मराठी वळणे निश्चित केली. मात्र ‘ल’चे वळण बदलले, तरी शब्दाचा अर्थ बदलत नाही. चेहऱ्याचे वळण बदलले, तर अर्थच बदलण्याचा संभव असतो. ओठांची रेषा थोडी सरळ केली किंवा दात अधिक दाखविले, की प्रसन्न मुद्रेच्या जागी त्रासलेली मुद्रा दिसू लागते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा प्रत्यय आला. १२८५१३ या एकाच संकेतांकाचे ॲपलचे तत्कालीन चित्र पाहणाऱ्यांना ते अप्रिय भावनेचे वाटले, तर इतर कंपन्यांची चित्रे आनंदाची वाटली. शिवाय सर्वांना एकच चित्र दाखविले असतानाही ती भावना प्रिय की अप्रिय याबाबत सु. २५ टक्के वेळा मतभेद झाला. त्याच वर्षी ॲपलने आपले चित्र बदलले. यंत्रे सारखी केल्याने गैरसमज कमी होतात, पण संपत नाहीत, असा या अभ्यासाचा निष्कर्ष सांगता येईल.

प्रेषणातील अडचणी : हास्यचिन्ह एका यंत्रणेतून दुसरीत जाताना मुख्यतः चार प्रकारच्या अडचणी येतात.

(१) चित्राचा अभाव : घेणाऱ्या यंत्राच्या टंकात त्या क्रमांकाचे चित्र नसेल, तर रिकामी चौकट दिसते. संदेश पोहोचलेला असतो. केवळ त्याचे दर्शन होत नाही. यंत्राची प्रणाली जुनी व चिन्ह नवे असल्यास हे विशेषेकरून घडते. साडी, रिक्षा, पणती व मंदिर ही भारतीय जीवनाशी निगडित चिन्हे २०१९ मध्ये समाविष्ट झाली. त्यापूर्वीच्या व पुढे अद्ययावत न केलेल्या यंत्रांवर ती दिसत नाहीत.

(२) लघुसंदेशाची मर्यादा : साध्या लघुसंदेशात (एसएमएस) १४० बाइट मावतात. रोमन अक्षरे सात बिटांची धरल्यामुळे ती १६० बसतात; देवनागरी किंवा चित्राक्षर आले, की सबंध संदेश सोळा बिटांच्या पद्धतीने पाठवावा लागतो व मर्यादा ७० वर येते. हास्यचिन्हाचा क्रमांक मोठा असल्याने त्यास या पद्धतीत दोन घरे लागतात. रोमन लिपीत लिहिलेल्या १०० अक्षरांच्या मराठी संदेशाच्या शेवटी एकच हास्यचिन्ह घातले, तर तो एकाऐवजी दोन संदेशांत विभागला जातो आणि जेथे प्रत्येक संदेशास शुल्क आहे तेथे खर्चही दुप्पट होतो. देवनागरीतील संदेशाची मर्यादा आधीच ७० असल्याने तेथे चिन्हामुळे केवळ दोन घरे कमी होतात.

(३) साठवणीतील दोष : महाजालावर सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत, तर हास्यचिन्ह चार बाइटांत मावते. मायएसक्यूएल या लोकप्रिय माहितीसाठा प्रणालीच्या जुन्या मांडणीत एका अक्षरास अधिकात अधिक तीन बाइट राखून ठेवलेले होते. चार बाइटांची मांडणी २०१० मध्ये उपलब्ध झाली. जुन्या मांडणीत मराठी मजकूर व्यवस्थित साठविला जात असे. हास्यचिन्ह येताच मात्र नोंद नाकारली जाई किंवा काही व्यवस्थांत त्या चिन्हापासून पुढचा सर्व मजकूर गळून पडे. अर्जाच्या वा तक्रारीच्या मध्यभागी घातलेले एक चिन्ह अशा वेळी मूळ मागणीच नाहीशी करू शकते.

(४) टंकावर अवलंबून असलेली चिन्हे : मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या टपालप्रणालीत अपूर्णविराम व कंस टंकलिखित केले, की त्यांच्या जागी विंगडिंग्ज या टंकातील हसरा चेहरा आपोआप उमटे. त्या टंकात हा चेहरा ‘जे’ या रोमन अक्षराच्या जागी बसविलेला होता. त्यामुळे तो टंक न मानणाऱ्या यंत्रणेत वाक्याच्या शेवटी हास्याऐवजी नुसते ‘जे’ हे अक्षर दिसे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी वळणे बसविलेल्या जुन्या मराठी टंकांचा अनुभव असाच होता. टंक नसलेल्या संगणकावर उघडलेले मराठी पत्र निरर्थक रोमन अक्षरांचे होऊन जाई. मराठी लेखन युनिकोडकडे वळण्यामागे जे कारण आहे, तेच हास्यचिन्हास स्वतंत्र संकेतांक देण्यामागेही आहे.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वापर : ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्याचा मोठा ग्रामीण भाग या तालुक्यांत आहे. शहापूर तालुक्यातून मुंबई–नाशिक महामार्ग व कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग जातो. मुरबाड तालुक्यातून कल्याणकडून येणारा रस्ता माळशेज घाटाने वर चढतो. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी, आगरी इ. समाजांची वस्ती गावांत व डोंगरकुशीतील पाड्यांत विखुरलेली आहे. एकाच घरात कल्याण वा ठाणे येथे नोकरीस जाणाऱ्या मुलाचे नवे यंत्र, आईवडिलांचे त्याच्याकडून आलेले जुने यंत्र आणि आजोबांचे कळफलकाचे साधे यंत्र असा प्रकार आढळतो. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनसारख्या स्वस्त यंत्रांवर २०१८ पासून व्हॉट्सॲपही चालू लागले. एकाच हास्यचिन्हाची तीन रूपे व चौथी रिकामी चौकट एका छपराखाली दिसू शकते, ती यामुळे.

चिन्हांशी या प्रदेशाचा संबंध प्राचीन आहे. मुरबाडच्या बाजूने चढून जाणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील कोरीव लेख आहे. यज्ञांच्या दक्षिणा त्यात अंकांनी नोंदविलेल्या असून भारतातील प्राचीन अंकचिन्हांच्या अभ्यासात या लेखास महत्त्व आहे. याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या व प्रत्येकीच्या वर नाव होते. प्रतिमा नष्ट झाल्या. त्यांच्या पायांच्या खुणा व काही नावे तेवढी शिल्लक आहेत. चित्र गेले तरी अक्षर राहते, याचे हे उदाहरण रिकाम्या चौकटीतून दिसणाऱ्या हास्यचिन्हाशी ताडून पाहण्यासारखे आहे. तेथेही चित्र नसते, क्रमांक मात्र शाबूत असतो.

ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली चित्रकलेची रीत हास्यचिन्हाच्या नेमकी उलट आहे. तीत माणसाचे डोके म्हणजे नुसते वर्तुळ असते. डोळे, ओठ सहसा काढीत नाहीत. आनंद दिसतो तो तारप्याभोवती फेर धरलेल्या शरीरांच्या डौलात. हास्यचिन्हात याउलट शरीर गाळलेले असून केवळ चेहरा उरलेला आहे.

अक्षरओळख नसलेल्या किंवा अल्प असलेल्या व्यक्तींना चित्राक्षरे सोयीची वाटतात. पावसाळ्यानंतर कातकरी कुटुंबे भिवंडी, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर कामास जातात. तेथून गावी पाठविलेल्या संदेशात ध्वनिमुद्रित निरोप, छायाचित्र किंवा नुसते हास्यचिन्ह असले, तरी ‘सुखरूप पोहोचलो’ एवढा अर्थ त्यातून कळतो. तथापि चित्र हे अक्षराचे काम पूर्णपणे करू शकत नाही. किती दिवस, किती रुपये, कोणत्या मुकादमाकडे, हे हास्यचिन्हाने सांगता येत नाही. आणि मजुराच्या जीवनात नेमक्या याच गोष्टींना महत्त्व असते. मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘आजीबाईंची शाळा’ या दृष्टीने उल्लेखनीय आहे. साठ ते नव्वद वर्षे वयाच्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून तेथे अक्षरे गिरवू लागल्या. अंगठा उठविण्याऐवजी स्वतःचे नाव लिहिता यावे, ही त्यांची आकांक्षा होती. अंगठा हे चिन्ह सोपे असते, पण अंगठा उठविणाऱ्यास आपण कशाखाली तो उठवितो हे वाचता येत नाही.

ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, बचत गट यांचे व्हॉट्सॲप गट आता सर्वत्र आढळतात. अशा गटांतील हास्यचिन्हाचा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो. शाळा बंद असलेल्या २०२० मधील टाळेबंदीच्या काळात पाठविलेल्या गृहपाठावर शिक्षकाने दिलेला हसरा चेहरा ही शाबासकी होती. मुंबईला पाणी पुरविणारे भातसा व तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यात असूनही उन्हाळ्यात तेथील अनेक पाड्यांस टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. ‘उद्या टँकर येईल का?’ या विचारणेस केवळ हास्यचिन्हाचे उत्तर आले, तर ते होकाराचे, ‘निरोप वाचला’ एवढ्याच अर्थाचे की वेळ मारून नेण्याचे, हे कळत नाही. पाणी भरण्यासाठी मजुरी बुडवून थांबावयाचे की नाही, हे त्या उत्तरावर ठरावयाचे असते. अशा ठिकाणी ‘सकाळी दहा वाजता येईल’ ही चार शब्दांची ओळ शंभर हास्यांपेक्षा उपयुक्त ठरते.

निधनाच्या वार्तेखाली होणारी चूकही नमूद करण्याजोगी आहे. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा (१२८५१४) व मोठ्याने रडणारा चेहरा (१२८५५७) या दोहोंत अश्रू असतात. लहान पडद्यावर व कमजोर दृष्टीस ते सारखेच भासतात. शोक व्यक्त करण्याच्या हेतूने पहिले चिन्ह पाठविले गेल्यास दुःखी कुटुंबास ती क्रूर थट्टा वाटते. याउलट हात जोडल्याचे चिन्ह मराठी समाजात नमस्कार, आभार व श्रद्धांजली या तिन्ही प्रसंगी चालते. जपानमध्ये ते मुख्यतः विनंती व आभार यांचे द्योतक आहे.

कायदेशीर बाजू : चिन्हांनी दिलेल्या उत्तराचे परिणाम न्यायालयापर्यंत पोहोचले आहेत. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने व्हॉट्सॲप गटातील एका चित्रफितीवर हसून अश्रू आलेल्या चेहऱ्याचे चिन्ह पाठविणाऱ्यांविरुद्धचा गुन्हा रद्द केला. चिन्ह पाठविणे हे भावनेचे प्रकटीकरण आहे, असे त्या प्रकरणी मानण्यात आले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवरून पाठविलेली नोटीस पोहोचली व उघडली गेली, हे तेथील दर्शक खुणांवरून ग्राह्य धरले. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवसाच्या खरेदीच्या कराराच्या छायाचित्रास उत्तर म्हणून उंचावलेल्या अंगठ्याचे चिन्ह पाठविले होते. त्याच्या मते त्याचा अर्थ ‘करार मिळाला’ एवढाच होता; २०२३ मध्ये न्यायालयाने तो करारास दिलेला होकार मानला व भरपाई देण्याचा आदेश दिला. धान्य, भाजीपाला, जमीन वा मजुरी यांच्या व्यवहारात चिन्हाने उत्तर देणाऱ्यांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे. कागदावरील अंगठ्याप्रमाणे पडद्यावरील अंगठाही बंधनकारक ठरू शकतो.

दृष्टिहीनांचा वापर : पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणाली हास्यचिन्हाच्या जागी त्याचे नाव उच्चारतात. ही नावे युनिकोड संघटनेच्या भाषिक माहितीसाठ्यात मराठीसह अनेक भाषांत संकलित केलेली आहेत. त्यामुळे चित्रांतील रूपभेद दृष्टिहीन व्यक्तीस बाधत नाहीत. परंतु एकाच चिन्हाची ओळीने दहा वेळा पुनरावृत्ती केली असल्यास ते नाव दहा वेळा ऐकावे लागण्याचा संभव असतो. वाक्याच्या मध्ये घातलेली चिन्हे अर्थाचा ओघ तोडतात. म्हणून चिन्ह वाक्याच्या शेवटी व एकदाच योजणे इष्ट होय.

वापराचे संकेत : वेगवेगळ्या यंत्रणांतून जाणाऱ्या संदेशात हास्यचिन्ह वापरताना काही संकेत पाळणे हितावह ठरते. जुनी व सर्वत्र दिसणारी चिन्हे नव्या चिन्हांपेक्षा सुरक्षित असतात. तारीख, वेळ, रक्कम, होकार व नकार या गोष्टी शब्दांतच लिहाव्यात. चिन्ह त्यांच्या जोडीस असावे, त्यांच्या जागी नसावे. अर्ज, तक्रार व शासकीय नमुने यांत चिन्हे टाळावीत. अपरिचित वा वडीलधाऱ्या व्यक्तीस, तसेच शोकप्रसंगी, चिन्ह पाठविण्यापूर्वी ते मोठे करून पाहावे. किंचित हसरा चेहरा काही तरुण मंडळी उपरोधानेही वापरतात, तर वयस्क माणसे तो सरळ प्रसन्नतेने पाठवितात. उत्तराचा राग मानण्यापूर्वी ते कोणी पाठविले आहे, याचा विचार करावा.

आज युनिकोडमधील चित्राक्षरांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक आहे. तरीही साध्या हसऱ्या चेहऱ्यांचा वापर कमी झालेला नाही. लिहिलेल्या शब्दांत माणसाचा चेहरा नसतो. ती उणीव हे चिन्ह काही अंशी भरून काढते. मात्र प्रत्यक्ष हास्याचा अर्थ ज्याप्रमाणे हसणाऱ्याची ओळख व प्रसंग यांवरून लावला जातो, त्याचप्रमाणे याचाही लावावा लागतो. यंत्र क्रमांक अचूक पोहोचविते. त्यामागचा भाव पोहोचविणे हे लिहिणाऱ्याचे काम राहते.